धुतलेले बेदाणे

"ही आंबलेली घाण डुकरापुढं वत म्हनलं व्हतं ना तुला?"

ग्लाफिरा म्हातारी तळघराच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. खालून तिची सून फाइना जुन्या मुरंब्याच्या बरण्या एकेक करून वर आणत होती.

"डुकरं तुम्हीच इकली की मार्चात," फाइना म्हणाली. "आन मुरंबा आंबला तर बरंच झालं. ह्याचीच वाइन करनार हाय मी."

त्यांची आणि आमची भिंत एकच. ते रशियन, आम्ही किरगीझ. पण शिव्या कळायला कुठं दुभाषी लागतो? दहा महिने मी ऐकत होते. ग्लाफिराचा पोरगा रोदियोन ट्रॅक्टर उलटून गेला, तेव्हापासून म्हातारीला सून डोळ्यांसमोर नको होती. पोराला हिनेच खाल्लं, असं ती विहिरीवर सुद्धा बोलायची. मला तिचा राग यायचा.

आता रोदियोनच्या वर्षश्राद्धाचं जेवण दोन महिन्यांवर आलं होतं.

"नीट ऐक," ग्लाफिरा म्हणाली. "मेलेल्याच्या जेवनाला ह्या घरात कधी दुकानची बाटली आली न्हाई. घरच्या बाईच्या हातची वाइन लागती. तुला जमली, तर ऱ्हा. न्हाई जमली, तर जेवनाच्या दुसऱ्या दिशी बस धरायची."

बस धरून जायचं कुठं? आई मेलेली, भावजयीने दार लावून घेतलेलं. त्यात यंदा वसंतात गारठा पडून जर्दाळूचा सगळा मोहर जळाला होता. आमच्या सरोवराच्या या काठाला एका झाडावर फळ नव्हतं. म्हातारीला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिने ही अट घातली. पण तळघरात तीन उन्हाळ्यांचा उरलासुरला मुरंबा होता: जर्दाळूचा, चेरीचा, थोडा सफरचंदाचा, साखर धरलेला आणि वर फेस आलेला.

फाइनाने बुरशी मरावी म्हणून मुरंबा उकळून गार केला, सहा मोठ्या बरण्यांत ओतला, तेवढंच कोमट पाणी घातलं आणि प्रत्येकीत मूठभर बेदाणे टाकले. बरणीच्या तोंडावर रबरी हातमोजा चढवून त्याच्या एका बोटाला सुईने भोक पाडलं. रस आंबायला लागला की मोजा फुगून ताठ उभा राहतो, काम संपलं की मान टाकतो.

तीन दिवस झाले, पाच झाले, आठ झाले. सहाही मोजे मेल्यासारखे लोंबत होते.

"अक्का, माझं काय चुकलं वं?" फाइना भिंतीपाशी येऊन रडकुंडीला आली. "माप बरोबर, पानी बरोबर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "फाइना, तू मुरंबा भरायच्या आदी तुझ्या सासूला मी पाटाच्या पाण्यात चाळणीत बेदाणे धुताना बघितलं गं. मला वाटलं, जेवनाच्या खिरीची तयारी चालली आसंल."

बेदाण्याच्या अंगावरची पांढुरकी भुकटीच रस आंबवते. वाइनचे बेदाणे धुवायचे नसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

फाइना तशीच वळून ओसरीवर गेली. "बेदाणे धुतले तुम्ही?"

"धुतले की," ग्लाफिरा बटाटे सोलत राहिली. "माती व्हती. का, सोच्छता बी करायची न्हाई का आता माझ्या घरात?"

"पन्नास वर्सं वाइन केली तुम्ही, आन..."

"मग? एवढं हाय तर दुसरे टाक."

दुसरे होते कुठं? सगळा डबा धुवून काढला होता सटवीने. मी घरात गेले आणि आमच्या माळ्यावरचे बेदाणे, काडीकचऱ्यासकट, ओंजळी भरभरून भिंतीवरून दिले. चौथ्या दिवशी सकाळी सहा मोजे ताठ उभे होते. ग्लाफिरा त्यांच्याकडे पाठ करून चहा प्याली.

जेवणाला पंचवीस माणसं जमली. कपाटात दुकानच्या चार बाटल्या आणून ठेवल्या होत्या म्हातारीने, त्या तिथंच राहिल्या. फाइनाने जर्दाळूच्या रंगाची वाइन ओतली. मयताच्या जेवणाला पेल्याला पेला लावत नाहीत, सगळ्यांनी गुपचूप घोट घेतला.

"ग्लाफिरा," गावातला येगोर म्हातारा मिश्या पुसत म्हणाला, "झाडाला फळ नसताना ही आशी वाइन? तुझ्या हाताला गुण हाय बाबा."

आणि ही बया मान खाली घालून म्हणते कशी, "आता हुत न्हाई रं, पन पोरासाठी केलं कसंतरी."

मी हातातला चमचा खाली ठेवला. फाइनाचा चेहरा मात्र हलला नाही. ती येगोरचा पेला परत भरत म्हणाली, "खरंय, काका. आईनी लई कष्ट घेतले. बेदाणे सुद्धा सोताच्या हातानं धुतले."

येगोरने पेल्याकडे बघितलं, मग ग्लाफिराकडे. त्याच्या बायकोने रुमाल तोंडात कोंबला. एकेक मान खाली गेली आणि खांदे हसून हलायला लागले, मयताचं जेवण असून.

ग्लाफिरा लालबुंद झाली. तिने पेला उचलला, तळ दिसेपर्यंत प्याली आणि सुनेपुढे आदळला.

"पुढल्या साली बी मीच धुनार हाय," ती म्हणाली. "तू बघतच ऱ्हा."

"बघते की," फाइना म्हणाली आणि तिने तो पेला काठोकाठ भरला.