टांगत्या प्रेसखाली बबनराव

पत्रा दाबून आकार देणारी नवी अवजड प्रेस क्रेनला टांगलेली असतानाच नारळ फुटायला हवा, हा बबनरावांचा हट्ट. टेकल्यावर फोडला तर त्यात कसला मान! महाळुंग्यातली ही कंपनी त्यांच्याच जमिनीवर उभी राहिलेली, कामगारही त्यांनीच पुरवलेले. तेव्हा शुभकार्यात पहिला हात आपला, असा त्यांचा सरळ हिशेब. फक्त नारळ फरशीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीबाहेर उभं राहून फोडायचा, हे भाच्यानं, गोरक्षनं, त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

क्रेनला खालून खुणा करणं हे गोरक्षचं काम. वर केबिनमधली इंद्रायणी त्याच्याच खुणा मानायची, नियमच तो. ही नोकरी मामांनी लावून दिलेली, आणि चारचौघांत त्याची उजळणी करायला मामा कधी चुकत नसत.

प्रेस माणसाच्या डोक्याच्या वर गेली. हलगी कडाडली. आणि बबनराव नारळ घेऊन खुशाल पट्टी ओलांडून प्रेसखाली जाऊन उभे राहिले!

गोरक्षनं हात आडवा केला. क्रेन थांबली.

“मामा, बाहेर या!”

“आरं, फोटू तर निघू दे. लोखंडाला काय भ्यायचं?”

लोक हसले. प्रेसवरच्या हारातून झेंडूच्या पाकळ्या गळत होत्या. गोरक्षनं वर पाहिलं. उचलायचा पट्टा प्रेसच्या धारेवर जिथं वळतो, तिथं तो कापला जाऊ नये म्हणून त्यानं सकाळी जुन्या टायरचे तुकडे घातले होते. आता तिथं नुसता हार. पाकळ्यांबरोबर पट्ट्याचे धागेही खाली येत होते.

“टायर कुठंय?” त्यानं शेजारच्या हेल्परला, समाधानला, विचारलं.

“मामांनी काढायला लावले. पूजेच्या फोटोत बरे दिसत नाहीत म्हणाले. तू पलीकडं गर्दी हटवत होतास.”

उतरवावी तर खाली मामा. बाजूला न्यावी तर हिसक्यानं पट्टा तिथंच तुटणार. धावत जाऊन ओढावं, तर शंभर किलोचे मामा आधी हात झटकणार, मग भांडणार.

“मामा, पट्टा तुटतोय!”

“मला भ्या दाखवतोस व्हय रं? घाटात सुटलेला बैलगाडा अडवलाय म्या!”

गोरक्षला मामा पाठ होते. भीतीनं ते तसूभर हलायचे नाहीत. पण मान दुसऱ्याच्या पदरात पडतोय म्हटल्यावर? माजी सरपंच भीमराज हे तर त्यांचं जुनं दुखणं.

“मामा, गेटवर भीमराज आलाय! साहेब त्याच्याच हातानं नारळ फोडून घेत्यात!”

“कोन? त्यो?”

बबनराव नारळासकट गेटकडं सुटले. त्यांनी पट्टी ओलांडली न ओलांडली तोच फाडकन आवाज झाला. प्रेस कलंडली आणि दाणकन खाली आली. जमीन हादरली. हलगी गप्प झाली.

गेटवर कुणीच नव्हतं. बबनराव परतले, फुटलेल्या फरशीकडं बघत राहिले. सेफ्टीचे साहेब धावत येताना दिसले, तसं त्यांनी गोरक्षला खांबाआड ओढलं.

“भीमराजचं नाव काढू नगंस. पट्टा तुटताना म्याच बघितला अन् बाजूला झालो, असं सांग.”

“बरं.”

“अन् टायर घालायचं समाधानकडनं ऱ्हायलं म्हण. परगावचा पोरगा हाय, बघंल दुसरीकडं काम.”

गोरक्षनं हातमोजे काढले. त्यानं ते खिशात घातले.

“न्हाई मामा. टायर तुमी काढायला लावले, असंच सांगणार.”

“कुनी लावली रं तुला नोकरी?”

“तुमीच. चला, तुमच्या पुढ्यातच सांगतो.”

आणि तो साहेबांकडं चालू लागला.