शुक्रवारचं कुलूप

आमच्या यांना संशय घ्यायला निमित्त लागत नाही. त्यात पुतण्या भागवतनं मोबाइलच दाखवला. संसदेत एक खासदार सामाईक विहिरींवर बोलत होता.

"काका, कायदा झाला," भागवत म्हणाला. "आता विहीर एकाच्याच नावावर ऱ्हाणार. खाजा मिया पुढं पळायच्या आत माझ्या नावानं करून टाका, मी सांभाळतो."

कुरुंद्याच्या शिवारातली ती विहीर आमची आणि शेजारच्या खाजा मियांची. दोघांच्या हळदीला पाळीनं पाणी. शुक्रवारी दुपारी खाजा मिया नमाजाला जातात, तेव्हा त्यांच्या पाळीची मोटर आमचे हे चालू करतात. बापापासूनची रीत.

त्या शुक्रवारी मोटर तर सोडाच, यांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं. रानात खाजा मियांची हळद माना टाकून उभी. माझं डोकंच फिरलं.

"अहो, पाण्यासारख्या पाण्याला कुलूप?"

"मनकर्णा, तुला न्हाई कळत. कायदा हाय त्यो!"

सून शिवकन्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिनं तो व्हिडिओ पाहिला आणि हसली.

"मामंजी, कायदा न्हाई, विधेयक हाय. नुसतं मांडलंय. लोकसभेनं मंजूर करायचं, मग राज्यसभेनं, मग राष्ट्रपतीची सही. अन् मांडणारा मंत्रीबी न्हाई, साधा खासदार. असली विधेयकं शुक्रवारी येतात अन् बहुतेक तिथंच पडून ऱ्हातात."

"मग भागवत काहून घाई करून राहिला?" यांनी विचारलं.

संशयच तो, पण आयुष्यात पहिल्यांदा बराबर जागी बसला.

किल्ली घेऊन हे विहिरीकडे निघाले, मागून मी. खाजा मिया पेटीपाशीच उभे होते. यांनी मान खाली घालून कुलूप काढलं.

"खाजाभाई, चुकलं माझं. भागवतनं डोक्यात भरवलं."

खाजा मिया हसले नाहीत. "मलाबी त्योच सांगून गेला. किसनराव, तुमीच पुढं पळून विहीर नावावर करून राहिले, म्हणला." त्यांनी खिशातून कोरं कुलूप काढलं. "नमाज झाल्यावर दुकानातून आणलं. तुमी लावलं नसतं, तर मीच लावणार व्हतो."

मग यांनी मोटर चालू केली.

त्या विधेयकाचं पुढं काही ऐकू आलं नाही. भागवतला आमच्या घरी आता चहा मिळत नाही. पेटी उघडीच असते. पण शुक्रवारी खाजा मिया नमाजाला निघाले, की बांधावर थांबून मागं बघतात, मोटर सुरू झाली का म्हणून. आधी कधी बघत नव्हते.