बाटलीआधी आई

दुपारी एक ते दीड मी हॉस्पिटलच्या दूधपेढीत, म्हणजे आयांनी दिलेलं दूध साठवतात तिथे, पडद्यामागे असते. माझं पिल्लू घरी आजीपाशी, त्याच्यासाठी दूध काढून न्यायचं असतं. बाकीचा दिवस त्याच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात जातो.

त्या दिवशी पडद्यापलीकडून एका बाईचा आवाज आला.

"सिस्टर, चार महिन्यांपूर्वी मी इथे दूध देत होते. माझं बाळ राहिलं नाही, त्यानंतरही बारा दिवस येत होते. ते कुणाला पाजलंत, की फेकलंत?"

पेढी सांभाळणाऱ्या सिस्टरांनी कॉम्प्युटरवर शीट उघडली, वर-खाली केली. "तुमचं तर नावच नाही हो इथे."

"म्हणजे फेकलं," बाई म्हणाली. रडली नाही, पिशवी उचलून निघालीच.

मी तशीच धडपडत बाहेर आले. "ताई, परवा याच वेळेला या. मी शोधून ठेवते."

ती गेल्यावर सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शोधणार कुठे? माझ्या डोक्यात?"

त्यांच्या शीटमध्ये एका बाटलीला एक ओळ होती. बाटलीचा नंबर, तारीख आणि त्याच ओळीत आईचं नाव, फोन, पत्ता, चालू औषधं. बाटली वापरली की सिस्टर ओळ पुसायच्या. फेकावी लागली तरी पुसायच्या.

"शीट कशी स्वच्छ राहते बघ. ओट्यासारखी."

"पण शेवटची बाटली संपली की आईही पुसली जाते, सिस्टर. बाटली आहे तोवरच आई. हे उलटं नाही का झालं?"

"आता तू मला आई शिकव! चार पोरं वाढवलीत मी."

नशिबाने आमचा विभाग दर शुक्रवारी सगळ्या फायलींची प्रत काढून ठेवतो. जुन्या प्रतींत ती बाई सापडली. चौदा ओळी. कुठे आडनावासकट, कुठे नुसतं नाव, आणि फोन नंबर दोन वेगवेगळे. पण बाटल्यांचे नंबर पक्के होते. कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात कुणाला कुठल्या नंबरची बाटली पाजली हे वहीत लिहितात, आईचं नाव तिथे नसतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवून मी नंबराला नंबर जुळवत बसले. तेरा जुळले.

दुसऱ्या दिवशी शीट मोडून तीन तक्ते केले. एकात दूध देणाऱ्या सगळ्या आया, त्या बाईसकट, प्रत्येकीची एकच ओळ आणि तिचा स्वतःचा नंबर. दुसऱ्यात बाटल्या, त्यांच्यापुढे फक्त आईचा नंबर. तिसऱ्यात कुठली बाटली कुणाला पाजली किंवा का टाकली.

"एकाचे तीन केलेस, आणि म्हणे सोपं!"

"आईनं नवं औषध सुरू केलं तर आज किती ठिकाणी लिहिता?"

"जितक्या बाटल्या, तितक्या ठिकाणी."

"आणि एखादी ओळ राहिली तर?"

सिस्टर म्हणाल्या, "राहिली होती एकदा. बाटली गरम करताना लक्षात आलं. अजून अंगावर काटा येतो." आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "दाखव. हळूहळू दाखव, मी म्हातारी आहे."

तिसऱ्या दिवशी ती बाई आली. उभीच राहिली.

"तेरा बाटल्या पाजल्या," मी सांगितलं. "चार बाळांना. कुणाच्या ते सांगता येत नाही, पण चौघंही घरी गेली."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "मी चौदा दिल्या होत्या."

माझ्या आधी सिस्टरच बोलल्या. "एक माझ्या हातून तडकली, बाळा. टाकावी लागली."

बाई पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. डोळे पुसता पुसता हसली. "असू दे हो. दूध नासलं नाही, सांडलं, एवढंच ना."

जाताना तिने नवा फोन नंबर दिला. कधी पुन्हा दूध देता आलं तर, म्हणाली. सिस्टरांनी तो तिच्या ओळीत टाइप केला आणि सवयीने बोट खालच्या ओळीकडे गेलं. तिथे दुसरीच कुणी आई होती.

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

सिस्टर स्क्रीनकडे बघत राहिल्या. बाईच्या नावापुढे शिल्लक बाटल्या शून्य होत्या. मी मुद्दामच विचारलं, "ओळ पुसायची का?"

"हात लावशील तर बघ," सिस्टर म्हणाल्या. "बाटली नसली म्हणून काय झालं, बाई आहे ना."