सहावा खांदेकरी

लोलो पोन्सिंग, म्हणजे पोन्सिंग आजोबा, गेले आणि सान रोके वस्तीतला बास्केटबॉल बंद पडला. बंद पडणारच की! म्हाताऱ्याची शवपेटी कोर्टवर ठेवलेली होती. वस्तीतली घरं ही एवढीएवढीशी, दहा माणसं आली तर अकराव्याला चुलीवर बसावं लागेल. त्यामुळे कुणीही गेलं की पेटी त्या पत्र्याच्या छपराखाली, थेट रिंगच्या खाली मांडायची हे ठरलेलं. जत्रेच्या स्पर्धेची फायनल तोंडावर आली होती, पोरं चेंडू काखेत मारून कडेला बसली होती, आणि म्हातारा काही जागचा हलत नव्हता. का? तर नातू यायचा होता. "नातवाला तोंड दाखवल्याशिवाय माती नाही," असं तिया सेलीनं सगळ्यांना ठणकावलं होतं. तिया म्हणजे मावशी; सेली ही लोलोंची थोरली लेक.

नातू म्हणजे ट्रेव्हिस. बाप अमेरिकन, आई लोलोंची धाकटी लेक. जन्म तिकडं स्टॉकटनचा. पण बाप पसार झालेला, आईला रात्रपाळ्या, तेव्हा दुधाचे दात पडायच्या आधीच पोर लोलोंच्या ओटीत आलं. लोलोंनी लाडानं त्याचं नाव बोयेत केलं, त्याच्यासाठी नारळाच्या खोडाला फळी ठोकून रिंग लावली. म्हाताऱ्याला स्वतःला चेंडू टाकता येत नव्हता. त्यांचं काम रिंगखाली उभं राहून चेंडू परत फेकायचं, हात भरून येईपर्यंत. अकराव्या वर्षी आई पोराला परत घेऊन गेली. मग तो साडेसहा फूट उंच झाला आणि चेंडूच्या मागं अख्खं जग हिंडला. मनिलात एका संघानं घेतला, दुसऱ्याच्या गळ्यात मारला, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. पुढं बँकॉक, जकार्ता, दोहा, आणि शेवटी मंगोलिया. सान रोकेतल्या पोरांना भूगोल आला तो ट्रेव्हिसमुळे.

तो आला तो भर दुपारी, ट्रायसिकलच्या, म्हणजे मोटरसायकलला जोडलेल्या डब्यात, गुडघे हनुवटीला टेकवून. उतरताना उजवा पाय आधी हातानं उचलून बाहेर ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मंगोलियातल्या संघानं त्याला नाताळाच्या आधीच नारळ दिला होता, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. गुडघ्यात आता काही उरलं नव्हतं. बायको कधीच सोडून गेली होती, आई स्टॉकटनच्या मातीत होती. एवढं जग पालथं घातलं, पण आपली म्हणावी अशी एकच जागा त्याला आठवत होती, ती म्हणजे लोलोंच्या घरातली मागची खोली. तिथं राहू का, एवढंच त्याला तियाला विचारायचं होतं. तो म्हाताऱ्यासाठी आला होता हे खरंच, पण यासाठीही आला होता.

पेटीच्या काचेतून त्यानं लोलोंचं तोंड पाहिलं. केवढंसं झालं होतं ते! त्याला हुंदका आला, पण मागं फोटोसाठी रांग लागली होती.

संध्याकाळी सगळी वस्ती लोटली. पत्त्यांचे डाव पडले, जिन फिरू लागली. घरची माणसं शेवया आणि कॉफी वाढत होती. ट्रेव्हिसही उठला आणि कपांचं तबक उचलायला गेला, तोच तियाचा मुलगा डेक्स्टर धावत आला.

"अहो कुया, थोरले भाऊ तुम्ही, हे काम कशाला? बसा, बसा!"

"अरे, घरचाच आहे मी."

"असं कसं? एवढ्या लांबून आलात. आईनं पाहिलं तर मला फाडून खाईल."

त्याला पंख्यासमोरच्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि ताटात सगळ्यात मोठा मासा वाढला. वस्तीचा कप्तान, म्हणजे सरपंचच, नेस्टोर खुर्ची ओढून शेजारी आला. चांगला माणूस, पण त्याचं तोंड म्हणजे लाउडस्पीकर.

"बोल गड्या, आता कुठला देश?"

"बघू, कप्तान."

"बघू काय बघू! रांग लावून उभे असतील देश. माती झाली की जायच्या आधी एक सामना खेळून दाखव पोरांना. फायनलचं उद्घाटन तुझ्याच हातानं."

"कप्तान, गुडघा गेलाय माझा."

"तो तर माझापण गेलाय! मी म्हातारा, तुला काय धाड भरलीय?"

सगळे खो खो हसले. ट्रेव्हिसही हसला. खरं बोलून बघितलं, पण ऐकतो कोण? मग त्यानं मुकाट्यानं मासा संपवला.

सकाळी तो मागच्या चुलीपाशी गेला. तिया सेली एकटीच लसूण सोलत होती. डोळे रडून आणि जागून सुजलेले. तो पाटावर बसला, पाय लांब केला आणि टोपलीतला एक गड्डा उचलला. तियानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. हाताला वास लागेल."

"तिया, एक विचारायचं होतं."

"मग विचार ना."

"मी आता खेळणार नाही. संघानं काढलंय मला. इथंच राहावं म्हणतोय मी. मागच्या खोलीत. मिळेल ते काम करीन."

तियाची सुरी थांबली. "इथं? किती दिवस?"

"कायमचा."

तिला आधी हसू आलं. "कायमचा म्हणे! कोंबडे आरवायला लागले की पळशील." मग हसू ओसरलं आणि ती खालमानेनं बोलू लागली. "बोयेत, नऊ वर्षं मी त्यांचं हगणंमुतणं काढलं. शेवटी शेवटी मलाच ओळखेनात. माझ्या हातचं जेवायचे आणि मलाच विचारायचे, बाई, बोयेत आला का? नाताळात तू येतो म्हणालास. ठेवणीतला सदरा घालून दारात बसले रे. आत या म्हटलं तर ऐकेनात. मी आपली सांगतेय, सामना आहे त्याचा, सुट्टी मिळत नाही. खोटं बोलून बोलून तोंड दुखलं माझं."

ट्रेव्हिसनं मान खाली घातली. इथं गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण खरं सांगायचं असं ठरवून आलेला माणूस, त्याला कुठं थांबावं ते कळेना.

"सामना नव्हताच, तिया. तेव्हाच काढलं होतं मला. एका मित्राच्या घरी पडून होतो. हात हलवत कुठल्या तोंडानं यायचं? वाटलं, दुसरा संघ मिळू दे, मग जाऊ."

तियानं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे मोकळा होतास तू?"

त्यानं मान डोलावली.

"मोकळा होतास आणि आला नाहीस," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू बोलली. मग पदर नसलेल्या बाया पुसतात तसे तिनं मनगटानं डोळे पुसले आणि टोपली पुढ्यात ओढली. "आधी त्यांना नीट पोचवू. मग बघू."

मग बघू! दुपारपर्यंत ट्रेव्हिस त्या दोन शब्दांवर जगला. नाही तर म्हणाली नाही ना? राग आहे, असणारच. निवळेल. आपण छप्पर दुरुस्त करू, विहिरीवरून पाणी आणू, डेक्स्टरच्या लग्नात राबू. त्यानं मनातल्या मनात मागच्या खोलीत खाटसुद्धा टाकली, पाय बाहेर येतील म्हणून तिरकी.

दुपारी पाद्री आले, प्रार्थना झाली, पेटीचं झाकण बंद झालं. बाया हंबरडा फोडून रडल्या. पेटी उचलायला सहा जण ठरलेले, पण जागेवर पाचच. सहावा ट्रायसिकलवाला, तो जिन पिऊन पत्त्यांच्या टेबलाखाली आडवा. कप्तान नेस्टोरनं त्याला लाथेनं ढोसलं, शिव्या दिल्या, शेवटी नाद सोडला आणि इकडंतिकडं पाहिलं.

"अरे, हा एवढा ताडमाड उभाय की! ट्रेव्हिस, लाग पुढं."

ट्रेव्हिस एक पाऊल पुढं झाला, तेवढ्यात म्हातारे बेसियोकाका, तिकडच्या बोलीत मांग बेसियो, काठी आपटत मधे आले.

"खुळे झालात काय? रक्ताच्या माणसानं पेटी उचलायची नसते! नातू आहे तो. घरातलं आणखी कुणी तरी ओढून न्याल अशानं. परक्यानं उचलायचं, घरच्यानं मागनं चालायचं. हे काय मी सांगायला पाहिजे?"

ट्रेव्हिसला एकदम आठवलं. लोलाची माती होती, तो सात-आठ वर्षांचा. आजीच्या पेटीला हात लावायला धावला, तेव्हा लोलोंनी सदऱ्याला धरून मागं ओढलं होतं. "आपण नाही, बोयेत. आपण मागनं चालायचं." आणि सगळा रस्ता हात सोडला नव्हता.

कप्ताननं डोकं खाजवलं. "सेली, तूच सांग बाई. काय करायचं?"

सगळ्यांनी तियाकडं पाहिलं. तिच्या मागं डेक्स्टर हात बांधून उभा होता, चांगला दांडगा गडी, पण त्याला कुणी पुढं हो म्हटलं नाही. म्हणणारही नव्हतं. ट्रेव्हिसनंही तियाकडं पाहिलं. एक शब्द हवा होता त्याला. नको, एवढाच. आयुष्यात कुठल्या पंचाच्या शिट्टीची त्यानं इतकी वाट पाहिली नव्हती.

तियानं त्याच्याकडं बघितलं नाही. पेटीकडं बघत म्हणाली, "उचलू दे. त्याला चालतं."

"अगं पण सेली, नातू..." मांग बेसियो म्हणाले.

"चालतं म्हटलं ना!"

मांग बेसियोंनी ट्रेव्हिसकडं एकदा पाहिलं आणि बाजूला सरले. मागं सरता आलं असतं, नाही असं नाही. पण मागं सरून उभं कुठं राहायचं? तो पुढं गेला आणि पेटीला खांदा लावला.

बाकीचे पाच त्याच्या दंडाला लागणारे. तो ताठ चालला की पेटी कलायची आणि आत म्हातारा सरकल्याचं जाणवायचं. मग तो गुडघे वाकवून चालला. स्मशानापर्यंतचा सगळा रस्ता गुडघे वाकवून चालला. उजव्या गुडघ्यातून कळा मस्तकात जात होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बघणाऱ्या बाया म्हणत होत्या, किती जीव होता बघा आजोबांवर. मागून तिया आणि डेक्स्टर एकमेकांना धरून चालले होते. त्यांचं रडणं त्याला ऐकू येत होतं.

गवंडी सिमेंट लावून पेटी सरकवलेला भिंतीतला कोनाडा बंद करू लागला तेव्हा कप्ताननं ट्रेव्हिसच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! दमलास ना? आता सांग, पुढं कुठं?"

ट्रेव्हिसनं तियाकडं पाहिलं. ती सिमेंटकडं बघत होती, पण तिचे कान इकडंच होते.

"कझाकस्तान," तो म्हणाला. "परवाच निघायचंय."

"घ्या! ऐकलंत का रे पोरांनो, कझाकस्तान! आणि म्हणे गुडघा गेलाय!"

तिया वळली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. ती जवळ आली, त्याच्या खांद्यावरची पेटीची धूळ झटकली, आणि तिचा आवाज अगदी मऊ झाला होता.

"परवा होय? मग उद्या तुझ्या आवडीचं काहीतरी करते. काय आवडतं रे तुला?"

"काहीही चालेल, तिया," ट्रेव्हिस म्हणाला.