पहिला नंबर आलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी विलायती मोटार आहे. माझ्यासारख्या मोटारींच्या गोष्टी कौतुकाने सांगायच्या असतात, हे मला ठाऊक आहे. माझा हिरवा रंग, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, वळताना दाराजवळच्या खांबातून हातासारखा बाहेर येणारा दिवा, हे सगळे पाहून माणसे थांबतात आणि फोटो काढतात. एका मोठ्या मेळाव्यात माझा पहिला नंबरही आला. पण त्या दिवसाची आठवण आली की आजही मला मान वर करवत नाही. म्हणून तेच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे कौतुक तुम्ही बेताने ऐकाल.

माझा जन्म ब्रिटनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे छतावर सतत पाऊस वाजत असे. माझे पत्रे ठोकणारे हात वेगळे, गाद्या शिवणारे हात वेगळे, आणि शेवटी माझ्या अंगावर बारीक सोनेरी रेघ ओढणारा म्हातारा वेगळा. रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा. मग मला जहाजात चढवले. समुद्र कसा असतो ते मला सांगता येणार नाही, कारण सगळा प्रवास मी अंधाऱ्या तळघरात दोरखंडांनी बांधलेली होते.

इथे मला घेतले ते एका जनावरांच्या डॉक्टरांनी. नव्या कोऱ्या मोटारीला कुणीतरी शेठजी मिळावा, अशी माझी फार इच्छा होती. पण पहिल्याच आठवड्यात माझ्या मागच्या गादीवर दोन करडे आणि त्यांची आजारी आई येऊन बसली. गादीची जी दशा झाली ती सांगत नाही. डॉक्टरांनी बादलीभर पाणी ओतले, खराट्याने घासले आणि दुसऱ्या कामाला निघून गेले. हळूहळू मला सवय झाली. कुठे गाय अडली, कुठे घोड्याच्या खुरात खिळा गेला की आम्ही निघालोच. माझा हॉर्न ऐकला की गोठ्यातली माणसे धावत बाहेर यायची आणि गावातली कुत्री धावत आत जायची. कुत्र्यांना सुया लक्षात राहतात.

पुढे डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोनदा कुंपणाला घासल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि मला पत्र्याच्या शेडमध्ये लावले. तिथे मी किती वर्षे काढली हे मोजायला कुणी नव्हते. टायर बसले, तळाला गंज धरला, उंदरांनी गादीतला काथ्या ओढून संसार मांडला. एक कोंबडी रोज सकाळी मागच्या सीटवर अंडे घालून जायची. सगळ्या जगात तेवढीच एक माझ्याकडे नेमाने येत होती.

डॉक्टरांचे डोळे तपासायला घरी आलेल्या चष्मेवाल्यांनी मला पाहिले. त्यांचे शहरात चष्म्यांचे छोटे दुकान होते. हात धुवायला म्हणून ते मागे आले आणि शेडच्या दारात खिळल्यासारखे उभे राहिले. डॉक्टरांना मूलबाळ नव्हते. ते म्हणाले, "घेऊन जा. पण शोभेला ठेवू नका, फिरवा." चष्मेवाल्यांनी हो म्हटले, आणि तेव्हा ते मनापासूनच म्हटले होते.

त्यांच्या अंगणात मी पुन्हा उभी राहिले ती एकट्या चष्मेवाल्यांच्या जिवावर नव्हे. त्यांची बायको, जिला पुढे सगळा क्लब वहिनी म्हणू लागला, ती दुपारचे काम आटोपले की काचकागद घेऊन माझ्या दाराशी बसायची. गंज खरवडताना तिची नखे काळी व्हायची. छताचे अस्तर तिने घरच्या शिलाई मशीनवर शिवले. कापड जाड, मशीन जुने, सुया मोडत होत्या. प्रत्येक सुई मोडली की ती माझ्याकडे पाहून म्हणायची, बाई गं, तुझी कातडी तरी केवढी जाड. मी पहिल्यांदा रस्त्यावर उतरले त्या सकाळी ती पुढच्या सीटवर बसली होती. तळ्यापर्यंत जाऊन यायचे ठरले होते. जाताना ती गुणगुणत होती, आणि येताना मोठ्याने गात होती. चष्मेवाले म्हणाले की इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. ती म्हणाली, मग माझा ऐका.

तेव्हाच आम्ही जुन्या ब्रिटिश मोटारींच्या क्लबात गेलो. मंडळी मोठी गमतीची. दाढीवाले अध्यक्ष स्वतःच्या गाडीला बाईसाहेब म्हणायचे. दोन बहिणी होत्या, दोघी निवृत्त शिक्षिका, त्यांची लाल टिकलीएवढी गाडी. तिचा एक दिवा जरा तिरळा, मडगार्डला पोचे, आणि आत कायम चटया, छत्र्या, कांद्याची पिशवी. त्या कुठल्याही स्पर्धेत भाग घ्यायच्या नाहीत. थोरलीला सगळे ताई म्हणत.

पहिल्या वर्षी माझा तिसरा नंबर आला. परीक्षक, पांढरे हातमोजे घातलेले एक किरकोळ गृहस्थ, चष्मेवाल्यांना बाजूला घेऊन म्हणाले की गाडी उत्तम आहे, पण मागच्या सीटच्या शिवणीत बिस्किटाचा चुरा सापडला. एवढेच. पण त्या चुऱ्याने आमच्या घराचा रंग बदलला.

आधी गाडीत खाणे बंद झाले. मग ओल्या छत्रीने येणे बंद झाले. मग सीटवर चादर आली, आणि वहिनी चादरीवर अंग चोरून बसू लागली. मग पाऊस असेल तर गाडी नको, धूळ असेल तर नको, आणि पुढे पुढे चांगल्या हवेतही नको, कारण चांगली हवा म्हणजे खडी उडायची. मेळाव्याला मला मालवाहू गाडीवर चढवून नेऊ लागले. टाकीत थेंबभर पेट्रोल, फक्त फळीवरून खाली उतरण्यापुरते. गाणे कधी थांबले ते कुणाच्या लक्षात आले नाही.

आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर मला हे सगळे आवडत होते. करडांच्या वासात ज्या गाडीची उमर गेली, तिच्या अंगाला आता मऊ फडक्याखेरीज काही लागत नव्हते. मी स्वतःला आरशात पाहत होते, आणि आरशासारख्याच दिसणाऱ्या माझ्या बॉनेटमध्ये आभाळ पाहत होते. वहिनी त्यात कुठे दिसत नाही, हे मला खुपले नाही.

तो मेळावा शनिवार-रविवारचा होता. मोठे हिरवे मैदान, कडेला झाडे, झाडांखाली घडीच्या खुर्च्या आणि थर्मास. शनिवारी मजा होती. मंडळी एकमेकांची बॉनेटे उघडून आत डोकी घालत होती. अध्यक्षांच्या बाईसाहेब चालूच होईनात, तेव्हा सगळ्यांनी मिळून ढकलले, आणि त्या चालू झाल्या त्या थेट चहाच्या टेबलापर्यंत जाऊनच थांबल्या. वहिनी खूप दिवसांनी पोट धरून हसली.

रविवारी परीक्षण. चष्मेवाल्यांनी मला सावलीतून काढून मैदानाच्या मधोमध उन्हात लावले, कारण उन्हात माझी समोरची जाळी लखलखते. ते दातांच्या ब्रशने चाकांच्या खाचा घासत होते आणि वहिनी फडक्याने धूळ टिपत होती. ऊन चढत गेले. झाडाखाली जा असे तिला दोनदा बहिणींनी सांगितले, पण एक बाजू पुसून होईपर्यंत दुसरीवर धूळ बसत होती. शेवटी तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, जरा आत टेकते. डोकं गरगरतंय."

चष्मेवाल्यांनी वरही पाहिले नाही. "अगं, परीक्षक समोरच्या रांगेत आलेत. गादीला वळ्या पडतील. तेवढं होऊ दे, मग बस हवी तेवढी."

तिने हात काढून घेतला. बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली, माझ्या दाराला पाठ न टेकवता. पाठीचा घाम रंगाला लागेल म्हणून. माझ्या चार दारांमागे दोन ऐसपैस गाद्या होत्या आणि दोन्हींवर कुणी नव्हते.

थोड्या वेळाने ती कलंडली. आवाजसुद्धा झाला नाही, फडके तेवढे माझ्या पायरीवर पडले.

चष्मेवाल्यांच्या हातातला ब्रश कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांनी दार उघडले, चादर फेकून दिली, अध्यक्षांनी पाय धरले आणि दोघांनी तिला मागच्या सीटवर आडवे केले. कुणीतरी तोंडावर पाणी मारले. चष्मेवाले पुढे बसले, किल्ली फिरवली. मी जीव खाऊन प्रयत्न केला. एकदा धडधडले, एक हात पुढे सरकले आणि विझले. टाकीत पेट्रोलच नव्हते. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की मी अडलेल्या गायीपर्यंत चिखल तुडवत गेलेली गाडी आहे, माझी अशी गत करू नका. पण मोटारीला सांगता कुठे येते?

तेवढ्यात रांगांमधून खडखडत ती लाल टिकली आली. ताईंनी कांद्याची पिशवी, छत्र्या, चटया सगळे गवतावर भिरकावले. वहिनीला माझ्यातून उचलले आणि तिथे ठेवले. चष्मेवाले अंग मुडपून मागे बसले, तिचे डोके मांडीवर घेऊन. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही. माझे दार उघडेच राहिले.

त्यानंतर परीक्षक आले. अध्यक्षांना वाईट वाटत होते. निदान बक्षीस तरी मिळावे, अशा भल्या बुद्धीने त्यांनी माझी ओली गादी रुमालाने टिपली, चादर घडी करून ठेवली, दार लावले. परीक्षकांनी हातमोज्याचे बोट शिवणींतून फिरवले. या खेपेला चुरा नव्हता.

माझा पहिला नंबर आला. माझ्या आरशाला निळी फीत बांधली. माणसे टाळ्या वाजवत होती, माझ्यासमोर उभी राहून फोटो काढत होती, आणि माझ्या पायरीवर तिचे फडके तसेच पडले होते. गंजाने खाल्ले तेव्हा मला लाज वाटली नव्हती, कोंबडीची लाज वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली. जमीन दुभंगावी आणि चारही चाकांसकट पोटात घ्यावे, असे वाटले.

संध्याकाळी चष्मेवाले एकटेच परत आले. उन्हाने अंगातले पाणी आटले होते, दवाखान्यात सलाइन लावले आहे, एक दिवस ठेवून घेणार आहेत, असे त्यांनी अध्यक्षांना सांगितले. अध्यक्षांनी चषक पुढे केला. तो त्यांनी तसाच गवतावर ठेवला. मग त्यांनी माझ्या आरशाची फीत सोडायला घेतली, पण गाठ सुटेना, आणि गाठीशी झगडता झगडता ते रडू लागले. अध्यक्ष उगाच दुसरीकडे पाहत राहिले.

घरी आल्यावर मला अंगणात लावून वर ताडपत्री टाकली. घरातले बोलणे मला पूर्वी ऐकू यायचे. आता भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. चष्मेवाले दुकानात जाताना माझ्याजवळून जात, पण पावले भराभर टाकत. मला ते बरेच वाटे. एकमेकांना तोंड दाखवायची आम्हा दोघांनाही चोरी होती.

एका सकाळी ताडपत्री निघाली. वहिनी होती. थोडी वाळली होती, पण ठणठणीत. तिने पुढचे दार उघडले आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. चष्मेवाले हातात चहाचा कप घेऊन धावत बाहेर आले.

"मला चालवायला शिकवा," ती म्हणाली.

ते म्हणाले की तू सांगशील तिथे मी नेईन, आता कधी नाही म्हणणार नाही.

"ते ठीक आहे. पण पुढच्या वेळी तुम्ही पडलात, तर कोण नेणार?"

त्यांनी कप तसाच माझ्या बॉनेटवर ठेवला आणि पेट्रोल आणायला डबा घेऊन गेले. कपाचा गोल डाग मी आजवर अंगावर बाळगते.

शिकणे सोपे नव्हते. गिअर टाकताना तिने माझे दात असे वाजवले की रस्त्यावरचे लोक वळून पाहत. फाटकाच्या खांबाला मडगार्ड घासले, सोनेरी रेघ मधोमध तुटली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले, आणि उघडल्यावर म्हणाले, पुन्हा गिअर टाक. यंदाच्या मेळाव्याला तिनेच मला चालवत नेले. हातमोजेवाले परीक्षक ओरखड्यापाशी थांबले आणि त्यांनी हळहळून मान हलवली. मला वाटले, आता मेल्याहून मेल्यासारखे होईल. पण झाले नाही. माझी सगळी लाज आधीच एका दुपारी खर्ची पडली होती आणि उरलेलीसुद्धा त्याच दुपारची आहे. ती जात नाही, जाऊही नये.

मित्रांनो, तुमच्याही घरी जिवापाड जपलेले काहीतरी असेलच. ते जरूर जपा. आम्हा वस्तूंना जपलेले फार आवडते, आणि नको तितके जपले तरी पुरे म्हणायची अक्कल आम्हाला नसते. ती तुम्ही ठेवा. आमच्यावर फडके मारता मारता कधी मान वर करून पाहा, की शेजारी उन्हात कोण उभे आहे. आणि दार उघडा.