पेत्र रडतो तिथला ठेका

देवीदासचा गळा पुन्हा त्याच ओळीवर बसला. "पेत्र म्हणे, हा कोण, मी न जाणे त्याला," एवढं कसंबसं म्हणून तो खाकरला आणि त्यानं पाण्याची बाटली उचलली.

"आठवडाभर बघतेय," पेटीवरची बोटं न उचलता चारुलता म्हणाली. "त्या पेत्राशी तुमचं काय वाकडं आलंय?"

नवऱ्यानं ते हसण्यावारी नेलं. उद्या शुक्रवार, कतारमधला सुटीचा दिवस. सकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये त्याचं कीर्तन होतं, आणि हे आपलं शेवटचं कीर्तन, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोला अजून सांगितलं नव्हतं. नेहमीचा तबलजी बदली होऊन गेला, म्हणून ऑफिसातला कुशल गुरुवारचं अर्ध्या दिवसाचं काम आटोपून आज दुपारीच अल वक्र्याला त्यांच्या घरी तालमीला आला होता. कुशल नाशिकचा, हिंदू, तबल्याच्या परीक्षा दिलेला. ख्रिस्ती लोकही कीर्तन करतात हे त्याला पंधरा दिवसांपूर्वी कळलं, आणि तेव्हापासून त्याचे प्रश्न काही संपत नव्हते.

"काका, गोष्ट एकदा सरळ सांगा. कुठं हलकं वाजवायचं ते कळेल."

देवीदासनं सांगितली. येशूला धरून नेलं, तेव्हा अंगणात शेकोटीपाशी लोकांनी त्याचा शिष्य पेत्र याला हटकलं, तू त्यांच्यातलाच ना? पेत्र तीनदा नाही म्हणाला. कोंबडा आरवला. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पुढं, मेलेल्यांतून उठलेल्या येशूनं सरोवराकाठी त्याला पुन्हा जवळ केलं.

सांगताना त्याच्या डोळ्यांपुढं शेकोटी नव्हतीच, साइटवरचं चौकशीचं टेबल होतं. देवीदास सेफ्टी ऑफिसर. महिन्यापूर्वी फोरमन नसरुद्दीननं त्याला परांची तपासायला बोलावलं होतं. ऊन मी म्हणत होतं. "चढव माणसं, मी मागनं बघतो," देवीदास म्हणाला होता. फळी सरकली, एका कामगाराचा पाय मोडला. चौकशीत देवीदासनं सांगितलं, मला कुणी बोलावलंच नव्हतं. नसरुद्दीनचं काम गेलं. बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतल्या खोलीत तो सामान बांधत होता, रविवारी त्याचं विमान होतं.

"आणि मधे?" कुशलनं विचारलं.

"मधे काय?"

"कोंबडा आरवला तिथपासून सरोवरापर्यंत. तेवढे दिवस पेत्र कुणाचा? शिष्य होता, का नाव कमी झालं होतं?"

"तुला रे कशाला पाहिजे?"

"मला नको, तबल्याला पाहिजे. तो रडतो तिथं हात उचलू का ठेका चालू ठेवू? उचलला तर लोकांना वाटणार, खलास, संपलं. पुढं सगळं नव्यानं उभं करायचं. चालू ठेवला तर तो रडतोय तेही ठेक्याच्या आतच."

देवीदासच्या गुरुजींकडं तबला तिथं थांबायचा. वीस वर्षं तोही थांबवत आला होता, आणि का, असं कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. आता तो बाटली हातात धरून विचार करत बसला. पेत्र नाही म्हणणार, हे येशूला आधीच ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यानं त्याच्यासाठी आधी प्रार्थना करून ठेवली होती. आणि कोंबडा आरवला तेव्हा त्यानं वळून पेत्राकडं पाहिलं. टाकून दिलेल्या माणसाकडं कुणी वळून पाहतं का?

महिनाभर देवीदास वाट पाहत होता, मन स्वच्छ झालं की देवापुढं उभा राहीन. तोवर देवानं हात काढून घेतलाय, हे तो धरूनच चालला होता. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

"वाजव," तो म्हणाला. "थांबू नकोस."

केरवा सुरू झाला. देवीदासनं ओळ धरली, आवाज फाटला, पुढचे शब्द आलेच नाहीत. तबला चालत राहिला. चारुलतानं एकदा नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि सूर धरून ठेवला. डोळे पुसून देवीदासनं फोन काढला तेव्हा मात्र दोघांचेही हात थांबले.

"नसरुद्दीन भाई, देवीदास बोल रहा हूँ। उस दिन तुमने मुझे बुलाया था। मैंने झूठ बोला।"

पलीकडं नसरुद्दीननं पंखा बंद केला.

"यह बात साहब के सामने बोलोगे?"

"बोलूँगा। रविवार को सुबह..." देवीदास थांबला. "नहीं। आज ही। साहब घर पे होंगे। तुमको लेने आता हूँ।"

"नौकरी जाएगी आपकी।"

"शायद।"

त्यानं फोन ठेवला. चारुलतानं पेटीचा भाता बंद केला, उठून ओढणी घेतली.

"बरवा अल बराहाला चारनंतर गर्दी असते," ती म्हणाली. "मी येते. वाटेत मला सगळं पहिल्यापासून सांगा."