मैदानाचं काय?

टपालबाईंना त्या शनिवारी सगळ्यात आधी कुणाचा राग आला असेल, तर तो स्वतःच्या पायांचा. बत्तीस वर्षं पत्रं वाटत ज्या पायांनी सगळं शहर पालथं घातलं, तेच पाय फुटबॉलच्या मैदानाबाहेर नुसतं उभं राहायचं म्हटल्यावर तासाभरात कुरकुरायला लागले. चालणं वेगळं आणि एका जागी खांबासारखं उभं राहणं वेगळं, हे त्यांना साठीनंतर कळत होतं.

नोकरी संपून दोन वर्षं झाली, तरी सगळे त्यांना टपालबाईच म्हणत. अंगात जांभळं जाकीट, पाठीवर हातभर अक्षरांत 'नाही', समोर टेबल, टेबलावर पत्रकांचे गठ्ठे. नदीच्या दोन काठांवरची दोन शहरं एक करायची की नाही, यावर महिन्याभरात मतदान होतं. 'हो' म्हणणारे पिवळे, 'नाही' म्हणणारे जांभळे. एवढ्या एका प्रश्नापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या दुकानावरून मान फिरवून जात होते. आणि घरच्या मैदानावर ओळीने चार शनिवार सामने होते. दहा हजार मतदार आपल्या पायांनी चालत येणार, मग प्रचारवाले घरी कशाला बसतील?

टपालबाई 'नाही'च्या बाजूला आल्या त्या मनापासून. पलीकडच्या शहरात दोन टपाल कचेऱ्या एकात एक मिसळताना त्यांनी पाहिल्या होत्या. तीन गल्ल्यांना एकच नाव पडलं आणि वर्षभर लोकांची पत्रं भलत्याच दारात पडत राहिली. पण मनापासून आलेल्या माणसाला चार नंबरच्या गेटवर काय मिळालं? एकजण पत्रक घेऊन त्यातच शिंकला. एकाने दहा मागितली, बाई हरखल्या, तर त्याने ती ओल्या बाकावर अंथरली आणि वर बसला. एक पठ्ठ्या दोन्ही बाजूंचे बिल्ले घेऊन एक या गालावर, एक त्या गालावर चिकटवून आत गेला.

आणि हे सगळं कमी म्हणून रस्त्याच्या पलीकडे, मोठ्या पिवळ्या छत्रीखाली, हातात कर्णा घेऊन त्यांच्या विहीणबाई उभ्या होत्या.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. अर्ध्या शहराने त्यांच्या हातचा मार खाल्लेला, त्यामुळे चांगले मिशीवाले बाप्येही त्यांच्यासमोरून जाताना आपोआप शर्ट खोचायचे आणि पत्रक घ्यायचे. टपालबाईंचा त्यामुळे आणखी जळफळाट व्हायचा. तीन आठवडे दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. काही निरोप असला तर तो सुनेमार्फत.

"आई, तुमच्या विहीणबाई विचारतायत, रविवारी तुम्ही येणार असाल तर त्या सोमवारी येतील," सून सांगायची.

"त्यांना सांग, मी सोमवारी येणार आहे."

"मग त्या रविवारी येतील."

"मग मी रविवारीच येते. माझ्या मुलाचं घर आहे."

"आई, माझंही आहे हो ते," सून म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

पण खरा वैताग पायांचा नव्हता, शिंकणाऱ्याचा नव्हता, विहीणबाईंचाही नव्हता. तो एका प्रश्नाचा होता. शंभरातली नव्वद माणसं पत्रक हातात न घेता तोच विचारायची. "ते सगळं राहू द्या हो. मैदानाचं काय?"

शहरं एक झाली तर दोन्हीकडचे क्लब एक करणार आणि हे मैदान मोडणार, अशी कुणकुण होती. शहरं एक नाही झाली तर नगरपालिकेला ते पोसवणार नाही, म्हणून मोडणार, अशी दुसरी कुणकुण. जांभळ्या पत्रकात कर होते, पाणी होतं, शाळा होत्या, अभिमान तर चार वेळा होता. मैदान कुठेच नव्हतं.

टपालबाईंनी पहिल्याच दिवशी जांभळ्यांच्या समन्वयकाला विचारलं. हा गृहस्थ पूर्वी विमा विकायचा आणि अजूनही प्रत्येकाशी उद्या मरणार असल्यासारखा गोड बोलायचा.

"बाई, प्रश्नात अडकायचं नाही. हसायचं आणि आपल्या मुद्द्यावर यायचं."

"अहो, पण ते विचारतात मैदानाचं, आणि मी सांगू पाण्याच्या टाकीचं?"

"मैदानालाही पाणी लागतंच की," समन्वयक म्हणाला.

बाईंनी दोन शनिवार हसून पाहिलं. गाल दुखले.

तिसऱ्या शनिवारी उशीवाले काका आले. सामन्याला येताना ते काखेत घरची उशी घेऊन यायचे, कारण सिमेंटची पायरी आता त्यांना सोसायची नाही. आधीच्या दोन्ही शनिवारी त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि दोन्ही वेळा बाई म्हणाल्या होत्या, "विचारून सांगते." आज ते टेबलासमोर थांबले. मागून रांग ढकलत होती, तरी हलले नाहीत.

"बाई, बत्तीस वर्षं तुम्ही माझ्या दारात पत्रं टाकलीत. एकदा पत्त्यावरची शाई पुसली होती, तर चार घरं विचारत आलात. एक पत्र हरवलं नाहीत. आता एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर आणवत नाही तुमच्याच्याने?"

ते शांतपणे बोलले, म्हणून जास्त लागलं. बाई सवयीने हसल्या, आणि आपण हसलो याचीच त्यांना एवढी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

काका आत गेले तसा त्यांनी समन्वयकाला फोन लावला. "उत्तर 'आम्हाला माहीत नाही' असेल तर तसं सांगा. मी तसं सांगते लोकांना."

"बाई, 'माहीत नाही' हा संदेश फार वाईट जातो."

"मग माहीत करून घ्या!"

"वरून सूचना आहे, मैदानाचा विषय काढायचा नाही."

"मी कुठे काढतेय? दहा हजार माणसं काढतायत!"

फोन कट झाला. बाईंनी वर पाहिलं, तर पलीकडे छत्रीखाली विहीणबाईही फोनवर होत्या. आवाज ऐकू येत नव्हता, पण एक हात कमरेवर, मान तिरकी, आणि बोट हवेत असं चालू होतं, जणू फळ्यासमोर कुणी बेचा पाढा चुकला होता. मग त्यांनीही फोन कानाचा काढून त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आता बाकावर उभं करणार.

आत शिट्टी वाजली, सामना सुरू झाला, बाहेर रस्ता रिकामा झाला. टपालबाईंनी मनातल्या मनात दहा वेळा 'जाऊ दे' म्हटलं आणि अकराव्यांदा रस्ता ओलांडला.

"विहीणबाई, तुम्हाला ते मैदानाचं विचारतात का हो?"

विहीणबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "सकाळपासून दोनशे सोळा वेळा. मी मोजलंय."

"मग तुम्ही काय सांगता?"

"मला सांगितलंय, हसा."

"मलाही."

"मला हसता येत नाही. तीस वर्षांत वर्गात कधी हसले नाही, आता कुठून आणू?" विहीणबाईंनी कर्णा आपटून खाली ठेवला. "उत्तर माहीत नसताना वही तपासायची नाही, हा माझा नियम. आणि इथे मी दर शनिवारी तेच करतेय."

त्यांनी स्टुलावरची पत्रकं बाजूला सारली. टपालबाई बसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघी एका सावलीत होत्या, आणि दोघींनाही ते फारसं आवडलं नव्हतं.

"मैदानाची जागा नगरपालिकेची आहे," टपालबाई म्हणाल्या. "क्लबकडे करारावर. त्याची नोटीस दर पाच वर्षांनी रजिस्टर्ड टपालाने यायची, मीच देत होते."

"म्हणजे कागद आहे."

"कागद असणारच."

"मग सोमवारी दहा वाजता. उशीर करू नका."

"मी आयुष्यात कधी उशीर केलेला नाही," टपालबाई म्हणाल्या, आणि पुन्हा भांडण लागायच्या आत उठल्या.

सोमवारी नगरपालिकेच्या जमीन विभागात एक टकला कारकून बसला होता. आधी म्हणाला, साहेब नाहीत. मग म्हणाला, अर्ज करा. मग त्याने चष्म्यावरून नीट पाहिलं आणि उभाच राहिला.

"बाई, तुम्ही?"

"भागाकार जमायला लागला का?" विहीणबाईंनी विचारलं.

"आणि आईची तब्येत कशी आहे? त्या कोपऱ्यातल्या घरातच राहता ना अजून?" टपालबाईंनी विचारलं.

एकीने वर्गाची आठवण करून दिली, दुसरीने घराची. कारकुनाला पळायला जागा उरली नाही. "तसं हे कुणालाही बघता येतं," तो कपाट उघडत पुटपुटला. "कुणी येतच नाही बघायला."

फाईल पातळ होती. शेवटचा कागद आठ महिन्यांपूर्वीचा. मैदानाचा करार येत्या जूनमध्ये संपतो, तो वाढवू नये आणि जागा बस डेपोसाठी घ्यावी, असा सभेचा ठराव. खाली शिक्का, तारीख, आणि दोन शब्द. एकमताने मंजूर.

टपालबाईंनी ते शब्द बोट ठेवून दोनदा वाचले. ठराव मांडणारे नगराध्यक्ष, म्हणजे 'हो'वाल्या पिवळ्यांचे पुढारी. अनुमोदन देणारे विरोधी नेते, म्हणजे 'नाही'वाल्या जांभळ्यांचे. या दोघांचं आजवर सभागृहातल्या पंख्याच्या वेगावरसुद्धा एकमत झालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे मत काहीही पडो," विहीणबाई हळू म्हणाल्या, "मैदान जाणारच."

"आणि आपण दोघी तीन आठवडे एकमेकींचं तोंड बघत नाही."

"ते वेगळ्या कारणासाठी," विहीणबाई म्हणाल्या. "त्यावर माझं मत बदललेलं नाही."

"माझंही नाही."

ठरावाची नक्कल घेऊन दोघी बाहेर पडल्या. चौथ्या शनिवारी गेटसमोर एकच टेबल होतं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर विहीणबाईंनी फळ्यावरच्या अक्षरात चार ओळी लिहून छापून घेतल्या होत्या. करार कधी संपतो, ठराव काय, तारीख कोणती, हात कुणी वर केले. सल्ला एकही नाही. त्यावर दोघींचा शुक्रवारी दीड तास वाद झाला होता.

लोक आनंदाने पुढे येतील असं टपालबाईंना वाटलं होतं. कसलं काय!

"ही पिवळ्यांची चाल आहे," पहिलाच माणूस म्हणाला.

"जांभळ्यांनी म्हातारीला फितवलं," दुसरा.

"अहो, ठराव वाचा! तारीख वाचा!" टपालबाईंचा घसा बसायला आला. "तीन आठवडे मला हेच विचारत होतात ना?"

"हो, पण उत्तर असलं असेल असं नव्हतं वाटलं," तिसरा म्हणाला आणि आत गेला. बाईंना वाटलं, कर्णा घ्यावा आणि कुणाच्या तरी डोक्यात घालावा.

अर्ध्या तासात दोन्हीकडचे समन्वयक एकाच गाडीतून उतरले. ते एका गाडीतून आले, हे पाहायला रांगेतल्या माणसांना काही कष्ट पडले नाहीत. विम्यावाल्याने जांभळं जाकीट मागितलं, दुसऱ्याने पिवळं. टेबल उचललं, छत्री मिटली, कर्णा नेला. कागदांचे गठ्ठे तेवढे दोघींच्या हातात राहिले.

"बाई, तुम्ही आपल्याच बाजूचं नुकसान करताय," विम्यावाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा गोडवा उतरला होता.

"मी 'नाही'लाच मत देणार आहे," टपालबाई जाकीट काढत म्हणाल्या. "पण खोटं हसणार नाही."

गाडी गेली आणि गंमत अशी की त्यानंतर लोक कागद घ्यायला लागले. दोन्हीकडच्यांनी मिळून टेबल काढून घेतलंय म्हणजे त्यात काहीतरी खरं असणार, असा त्यांचा हिशोब. उशीवाले काका उभ्यानेच कागद वाचत राहिले. मग घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "वाईट बातमी आहे. पण पोचवलीत." आणि सामना बघायला न जाता ते गेटपाशीच थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला कागद देऊ लागले.

मतदानाआधीच्या मंगळवारी नगरपालिकेची सभा होती. एरवी प्रेक्षकांच्या बाकांवर डुलक्या काढणारे दोन पेन्शनर सोडून कुणी नसायचं. त्या दिवशी जिन्यापर्यंत माणसं उभी होती, क्लबचे मफलर गळ्यात घालून. कुणी ओरडलं नाही. फक्त मैदानाचा विषय आला तसे सगळे उठून उभे राहिले, आणि बसेचनात. नगराध्यक्षांनी विरोधी नेत्याकडे पाहिलं, विरोधी नेत्याने छताकडे. करार एक वर्षाने वाढवण्यात येत आहे, पुढचा निर्णय नंतर. हेही एकमताने.

"एकच वर्ष!" टपालबाई जिना उतरताना चडफडल्या. "एवढ्या आटापिट्यानंतर!"

"शून्यापेक्षा एक जास्त असतो," विहीणबाई म्हणाल्या. "आणि जिन्यात थांबू नका, मागून लोक येतायत."

रविवारी मतदान झालं. चारशे अकरा मतांनी 'नाही' जिंकलं. टपालबाईंना वाटलं होतं त्याच्या निम्माही आनंद झाला नाही. संध्याकाळी फोन वाजला. सुनेचा नव्हता, थेट विहीणबाईंचा होता.

"अभिनंदन करायला फोन केलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोकांनी चूक केलीत, ती दहा वर्षांनी कळेल. पुढची सभा एकवीस तारखेला आहे. येणार ना?"

"येणार. आणि चूक तुमची होती."

"ते आपण तिथे बोलू."

एकवीस तारखेला दोघी पहिल्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि कुजबुजत्या आवाजात कडकडून भांडत होत्या. नगराध्यक्ष आत आले. त्यांनी त्या दोघींना पाहिलं, चष्मा काढून डोळे चोळले, आणि एक मोठा सुस्कारा सोडून विषयपत्रिका वाचायला घेतली.